विद्यापीठात झोपेसाठी मदत घेतली, तरी तक्रार दर सत्रात परत येते : नेमके कुठे अडते आणि काय करावे

विद्यापीठात शिकवताना गेली काही वर्षे माझ्याकडे विद्यार्थी मार्गदर्शकाचे काम आहे, आणि या काळात एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते. सत्राच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात झोप बिघडते. रात्री दोन-अडीचपर्यंत डोळा लागत नाही, सकाळचे तास बुडतात, दुपारी ग्रंथालयात डोके टेकले की गाढ झोप लागते आणि रात्री पुन्हा तेच सुरू होते. धीर करून विद्यार्थी आरोग्य केंद्रात किंवा समुपदेशकाकडे जातो, तिथे त्याला झोपेच्या चांगल्या सवयींचे एक पत्रक मिळते, काही दिवस तो ते मनापासून पाळतो आणि थोडा फरकही पडतो. मग सुट्टी लागते आणि झोप आपोआप सुधारते. पुढच्या सत्रात सगळे पहिल्यापासून सुरू होते, पण या वेळी तो कोणाकडेच जात नाही, कारण मदत घेऊन झाली आणि तिचा उपयोग झाला नाही, असे त्याच्या मनाने घेतलेले असते.

या समजुतीसाठीच मी हे लिहीत आहे. मदत घेऊन झाली असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलल्यावर बहुतेक वेळा असे दिसते की झोपेवरचा खरा उपचार त्यांना अजून मिळालेलाच नाही. ‘झोप येत नाही’ या एका वाक्याखाली चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी असतात, त्यांचे उपाय वेगळे असतात आणि विद्यापीठात ते वेगवेगळ्या कार्यालयांत मिळतात. एका तक्रारीचा उपाय दुसरीला लावला, तर तो नुसता वाया जात नाही, कधी कधी त्रास वाढवतोही.

आधी तक्रार कोणती ते ओळखा

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो. सलग दहा दिवस तास नाहीत, परीक्षा नाही, कोणी उठवणार नाही, अशा वेळी तुम्ही किती वाजता झोपाल, किती वाजता उठाल आणि उठल्यावर ताजेतवाने वाटेल का? या प्रश्नाच्या उत्तरातून निम्मे निदान हाती येते.

‘तीनला झोपेन, अकराला उठेन आणि झोप उत्तम लागेल’ असे उत्तर असेल, तर झोप बिघडलेली नाही, तिची वेळ पुढे सरकलेली आहे. या विकाराचे वर्णन वैद्यकीय साहित्यात १९८१ मध्ये झाले आणि तो तरुणांमध्ये अधिक आढळतो. त्यामागे शरीराची घडण आहे. माणसाचे आतले घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते आणि रोज सकाळच्या उजेडाने ते मागे ओढून जुळवले जाते. शिवाय किशोरवयापासून झोपेची नैसर्गिक वेळ पुढे पुढे जात राहते आणि साधारण विसाव्या वर्षाच्या सुमारास ती परत फिरू लागते, असे टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे पदवीच्या वर्षांत विद्यार्थी या वक्राच्या अगदी टोकावर असतो आणि त्याच वेळी त्याला सकाळी आठच्या तासाला बसावे लागते. अशा विद्यार्थ्याला ‘लवकर अंथरुणावर पडा’ असे सांगणे मला धोक्याचे वाटते, कारण तो अकरापासून तीनपर्यंत अंधारात जागा पडून राहतो आणि मुळात नसलेला निद्रानाश या जागेपणातून तयार होऊ लागतो. त्याच्यासाठी उपाय उलट्या टोकाकडून सुरू होतो. उठण्याची वेळ आधी पक्की करायची, उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरच्या उजेडात राहायचे, रात्री खोलीतला उजेड मंद ठेवायचा आणि उठण्याची वेळ दर काही दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणायची. मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक, याचा उपयोग याच प्रकारात होऊ शकतो, परंतु तिथे मात्रेपेक्षा घेण्याची वेळ महत्त्वाची असते. ते ऐन झोपताना घेण्याऐवजी नेहमीच्या झोपेच्या काही तास आधी अल्प मात्रेत घ्यावे लागते आणि ती वेळ डॉक्टरांनीच ठरवून द्यावी.

वेळ आहे, अंथरूण आहे, शांतता आहे, तरीही झोप लागत नाही किंवा मधेच मोडते आणि दिवसा त्याचा त्रास होतो, असे असेल तर तो निद्रानाश. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने असे होत असेल, तर तो दीर्घकालीन मानला जातो. याची एक खूण मी नेहमी विचारतो. खुर्चीत पुस्तक वाचताना डोळे मिटू लागतात, पण उठून पलंगावर पडताच टक्क जाग येते का? होकार मिळाला, तर मेंदूने अंथरुणाची सांगड जागेपणाशी घातली आहे असे समजावे. ही सांगड सोडवण्याचा उपचार आहे आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिसरी तक्रार खरे तर झोपेची नसते, वेळापत्रकाची असते. रात्री एकला आडवे होऊन सकाळी सहाला उठणारा विद्यार्थी अभिमानाने सांगतो की उशीला डोके लागताच त्याला झोप लागते. हे चांगल्या झोपेचे लक्षण नसून साठलेल्या थकव्याचे आहे. अठरा ते पंचवीस वयाच्या व्यक्तीला साधारण सात ते नऊ तास झोप लागते. इथे गोळी किंवा समुपदेशन यांपेक्षा अभ्यासक्रमाचा भार, अर्धवेळ नोकरीचे तास आणि प्रवास यांचा हिशेब मांडून बसणे उपयोगी ठरते, आणि तो हिशेब शैक्षणिक मार्गदर्शकासोबत बसून करावा.

चौथ्या प्रकाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आठ-नऊ तास झोपूनही दिवसभर झोप आवरत नाही, अशी ही तक्रार. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्याचे खोलीतल्या सोबत्याने सांगणे, सकाळी डोके जड असणे, ही झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची लक्षणे असू शकतात आणि हा विकार सडपातळ तरुणांनाही होतो. संध्याकाळी पाय स्थिर ठेवता न येणे आणि ते हलवल्यावरच बरे वाटणे, यामागे शरीरातील लोहाची कमतरता असू शकते आणि ती साध्या रक्त तपासणीत कळते. बोलता बोलता झोप लागणे किंवा जोरात हसल्यावर गुडघे एकदम ढिले पडणे, हे नार्कोलेप्सीचे लक्षण असू शकते. हा विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो आणि त्याचे निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षे लागतात. या काळात त्या मुलाला किंवा मुलीला आळशी, बेफिकीर, कधी निराश ठरवले जाते. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते, कारण चांगल्या सवयींचे कोणतेही पत्रक या विकारांना हात लावू शकत नाही आणि ते पाळूनही झोप न सुधारल्याचा दोष विद्यार्थी स्वतःकडे घेतो.

शेवटी, चिंता, नैराश्य, दमा, थायरॉईडचा विकार किंवा एखादे चालू औषध यांमुळे झोप मोडत असेल, तर तेही सांगितले पाहिजे. मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असे पूर्वी मानत असत. आता दोन्हींवर एकाच वेळी उपचार करणे योग्य मानले जाते.

दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा

मदत मागायला जाण्यापूर्वी कोणती एकच तयारी करावी असे विचारले, तर मी झोपेची नोंदवही सांगेन. सलग चौदा दिवस, शनिवार-रविवार धरून, रोज सकाळी उठल्यावर पाच मिनिटांत ती भरायची. अंथरुणावर किती वाजता पडलात, दिवा किती वाजता मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मधे किती वेळा आणि किती वेळ जाग आली, शेवटची जाग कधी आली, प्रत्यक्ष कधी उठलात, दिवसा किती झोपलात, चहा-कॉफी शेवटची कधी घेतली, आणि त्या दिवशी पहिला तास किती वाजता होता. हे सगळे अंदाजाने लिहायचे. रात्री घड्याळ पाहू नये, कारण ‘साडेतीन वाजले’ हे कळल्याने झोप आणखी दूर जाते.

मनगटावरच्या पट्ट्याने नोंद होते, मग हाताने कशाला, असे अनेक जण विचारतात. पट्टा हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतो, त्यामुळे निपचित पडून जागे राहण्याचा वेळही तो बऱ्याचदा झोपेत धरतो आणि निद्रानाशात नेमका तोच वेळ मोजायचा असतो. गाढ झोपेचे जे आकडे तो देतो, त्यांवर तर फारसे विसंबू नये. काही विद्यार्थी सकाळी आकडा पाहिल्यावर आपली झोप चांगली झाली की वाईट, हे ठरवू लागतात. त्यांना मी नोंदवहीचे दोन आठवडे पट्टा काढून ठेवायला सांगतो.

नोंद पूर्ण झाली की एक साधा भागाकार करायचा. समजा, तुम्ही रात्री साडेअकरा ते सकाळी आठ, म्हणजे साडेआठ तास अंथरुणावर होता आणि त्यांतले साडेपाच तास झोपलात. साडेपाचला साडेआठने भागले की सुमारे ६५ टक्के येतात. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. ती ८५ टक्क्यांच्या वर असावी अशी अपेक्षा असते. हा एक आकडा आणि चौदा ओळींचा कागद समोर ठेवला की समुपदेशकाशी होणारे संभाषण पूर्णपणे बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याला आठवड्यात फक्त मंगळवारी आणि गुरुवारी सकाळचा तास होता. त्या दोन दिवशी तो सातला उठे आणि उरलेले पाच दिवस साडेअकराला. त्याला वाटत होते की त्याला सोमवारी आणि बुधवारी रात्री निद्रानाश होतो. नोंदवही पाहिल्यावर दिसले की या दोन रात्री तो आदल्या सकाळी उशिरा उठून, जेमतेम अकरा-बारा तास जागा राहून झोपायचा प्रयत्न करत होता. झोप लागण्याइतका जागेपणा साठलेलाच नव्हता. रोज एकाच वेळी उठायला सुरुवात केल्यावर तीन आठवड्यांत त्याची तक्रार मिटली आणि त्याला कोणत्याही उपचाराची गरज पडली नाही. असे प्रत्येकाचे होत नाही, परंतु नोंद नसती, तर त्याला बहुधा झोपेची गोळी मिळाली असती.

कोणाकडे जायचे आणि काय म्हणायचे

आरोग्य केंद्रातील डॉक्टर तपासणी करू शकतात, रक्त तपासायला सांगू शकतात, चालू औषधांचा आढावा घेऊ शकतात आणि निद्रा प्रयोगशाळेकडे जाण्यासाठी चिठ्ठी देऊ शकतात. चौथ्या आणि पाचव्या प्रकारच्या तक्रारीसाठी पहिल्यांदा तिथेच जावे. वेळ पुढे सरकली असेल, तरीही त्यांचा सल्ला घ्यावा. निद्रानाशासाठी समुपदेशन केंद्रात जावे, परंतु प्रत्येक समुपदेशकाने झोपेच्या उपचाराचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले नसते, म्हणून ते विचारून घ्यावे लागते आणि तसे विचारण्यात काहीही अवघडण्यासारखे नाही. जिथे चिकित्सा मानसशास्त्र शिकवले जाते, अशा काही विद्यापीठांत विभागाचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र असते आणि तिथे अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी शुल्कात उपचार मिळतो. विद्यार्थ्यांना हे केंद्र सहसा माहीत नसते, म्हणून त्याची मुद्दाम चौकशी करा.

पहिल्या भेटीत ‘फार ताण आहे, झोप येत नाही’ एवढेच सांगितले, तर तुमचे नाव ताण व्यवस्थापनाच्या यादीत जाण्याची शक्यता जास्त असते. त्याऐवजी असे सांगून पाहा : ‘गेले चार महिने आठवड्यातून चार-पाच रात्री मला झोप लागायला दीड तास लागतो आणि त्यामुळे सकाळचे तास बुडत आहेत. दोन आठवड्यांची ही नोंद आहे. झोपेच्या सवयींचे पत्रक मी पाळून पाहिले आहे. मला निद्रानाशासाठीचा सीबीटी-आय हा उपचार हवा आहे. तो इथे मिळतो का, आणि मिळत नसेल, तर तुम्ही मला कुठे पाठवू शकाल?’ सीबीटी-आय म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारा निद्रानाशाचा उपचार, त्याविषयी पुढे लिहिले आहे. शेवटचा प्रश्न सोडू नका. ‘इथे मिळत नाही’ या उत्तरावर भेट संपू न देणे, हे त्या प्रश्नाचे काम आहे.

तिथे तुम्हाला बहुधा एक-दोन प्रश्नावल्या दिल्या जातील. निद्रानाशाच्या तीव्रतेची प्रश्नावली सात प्रश्नांची असून तिचे गुण २८ पैकी मोजतात, आणि १५ किंवा त्याहून अधिक गुण आले, तर त्रास उपचाराची गरज भासावी इतका आहे असे मानतात. दिवसाच्या झोपाळूपणासाठीची एपवर्थ श्रेणी आठ प्रसंगांची असते आणि २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले, तर पुढे तपास करावा लागतो. दोन्ही भरताना त्रास कमी करून सांगू नका आणि वाढवूनही सांगू नका. पुढची सुधारणा याच आकड्यांशी ताडून पाहायची असते.

प्रतीक्षायादी लांब असते, हे मान्य केले पाहिजे. यादीत नाव लावताना कोणाची भेट रद्द झाल्यास कळवा असे सांगून ठेवावे आणि मधल्या काळात या उपचाराचा संगणकावर किंवा फोनवर चालणारा एखादा कार्यक्रम विद्यापीठ पुरवते का, ते विचारावे. अशा कार्यक्रमांना कमी समजू नये. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अशा संगणकीय उपचाराने निद्रानाश कमी झालाच, शिवाय नैराश्य आणि चिंता यांतही सुधारणा दिसली. झोपेचा त्रास दुय्यम समजून मागे ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी या चाचणीविषयी सांगतो.

आपली नोंद विभागाकडे किंवा घरी जाईल, या भीतीने अनेक जण जातच नाहीत. सर्वसाधारणपणे जिवाला धोका असल्याखेरीज समुपदेशनातील माहिती बाहेर दिली जात नाही, तरीही पहिल्याच भेटीत गोपनीयतेचे नियम काय आहेत, ते थेट विचारून घ्यावे.

पत्रक आणि उपचार यांतला फरक

खोली अंधारी ठेवा, रात्री फोन-संगणकाचा पडदा पाहू नका, जड जेवण टाळा, या सूचना चुकीच्या नाहीत. चांगली झोप टिकवण्यासाठी त्या उपयोगी आहेत, पण एकदा जडलेला निद्रानाश केवळ त्यांनी जात नाही. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपातील निद्रा संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आयची शिफारस केली. विचार आणि वर्तन यांवर काम करणारा हा उपचार साधारण चार ते आठ भेटींचा असतो, आणि त्याचे दोन भाग विद्यार्थ्यांना सर्वांत कठीण जातात.

पहिला भाग रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला. अंथरूण फक्त झोपेसाठी वापरायचे, झोप आल्यावरच त्यावर जायचे, आणि अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसरीकडे जाऊन मंद उजेडात काहीतरी शांत करायचे. विद्यार्थ्याच्या खोलीत हे पाळणे अवघड असते, कारण तिथला पलंग हाच सोफा, अभ्यासाची जागा आणि गप्पांचा अड्डा असतो. मी यावर सुचवत आलो आहे ते इतकेच, की दिवसा पलंगावर वेगळी चादर टाकावी, उशी कपाटात ठेवावी, बसायचे झाले तर पायथ्याकडे भिंतीला टेकून बसावे आणि अभ्यास शक्यतो खोलीबाहेर करावा. रात्री उठावे लागले, तर खुर्ची किंवा जमिनीवरची सतरंजी पुरते. जागेचा हा छोटासा फरकही मेंदूला कळतो, असा माझ्याकडे आलेल्या अनेकांचा अनुभव आहे.

दुसरा भाग आर्थर स्पीलमन यांच्या १९८७ मधील कामातून आला. नोंदवहीत सरासरी साडेपाच तास झोप दिसत असेल, तर अंथरुणावरचा वेळही सुरुवातीला तितकाच ठेवायचा. पाच तासांच्या खाली मात्र जायचे नाही. उठण्याची वेळ कायम ठेवून झोपायची वेळ पुढे ढकलायची आणि कार्यक्षमता सुधारली की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवत जायचे. ज्याला झोप कमी पडते, त्याला आणखी उशिरा झोपा असे सांगणे विचित्र वाटते. यामागचे कारण अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या विवेचनातून समजते. जागे राहण्याच्या प्रत्येक तासाबरोबर झोपेचा दाब साठत जातो आणि तो पुरेसा साठला की झोप सलग आणि लवकर लागते. आतले घड्याळ ही दुसरी गोष्ट. या दोन्हींचा मेळ बसला पाहिजे.

पहिल्या आठवड्यात दिवसा झोपाळूपणा वाढतो, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. म्हणून हा भाग परीक्षेच्या आठवड्यात सुरू करू नये. सत्राच्या सुरुवातीचे दिवस किंवा मधली सुट्टी त्यासाठी बरी. ज्यांना द्विध्रुवीय विकार किंवा अपस्मार आहे, ज्यांना वाहन चालवावे लागते किंवा प्रयोगशाळेत धोक्याच्या यंत्रांवर काम करावे लागते, त्यांनी हा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करूच नये. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होते, तितकी खालावते असे १९९७ मधील एका प्रयोगात दिसले होते. दोन रात्रींचे अपुरे झोपलेले विद्यार्थी दुचाकीवरून घरी निघतात, तेव्हा मला या आकड्याची आठवण होते.

उपचाराचा तिसरा धागा विचारांचा. ‘आज झोप लागली नाही, तर उद्याचा पेपर गेला’ हा विचार रात्री एक वाजता अगदी खरा वाटतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रसायनशास्त्राच्या एका वर्गावर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा आणि गुणांचा संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेशी, आणि झोपेतील नियमिततेशी. म्हणजे एका वाईट रात्रीने परीक्षा जात नाही. हे वाचून दाखवल्यावर काहींचे खांदे खाली येताना मी पाहिले आहेत.

उपचार सुरू असूनही फरक पडत नसेल तर

आधी नोंदवही पुन्हा उघडा आणि कॅफीनची वेळ पाहा. शरीरातील निम्मे कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात आणि काहींना त्याहून जास्त. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप एका तासाहून अधिक कमी झाल्याचे २०१३ मधील एका प्रयोगात दिसले. रात्री अकराला झोपायचे असेल, तर संध्याकाळी पाचची मोठी कॉफी आणि ऊर्जापेय या हिशेबात धरावे लागतात. दुपारची झोपही पाहा. दुपारी तीनच्या आधीची वीस मिनिटे चालतील, पण संध्याकाळचे दोन तास रात्रीसाठी साठवलेला दाब खर्च करून टाकतात.

मित्राकडून घेतलेल्या गोळ्यांविषयी मी कडक आहे. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते, म्हणून ती झोपेसाठी घेतली जातात, पण दीर्घकालीन निद्रानाशासाठी त्यांची शिफारस केली जात नाही, आणि सकाळी सुस्ती राहते. डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळ्याही बहुधा थोड्या दिवसांसाठी, अनेकदा दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असतात. त्या अचानक थांबवल्यास झोप आणखी बिघडू शकते, म्हणून सोडतानाही डॉक्टरांना विचारा. मद्याने झोप लवकर लागते, परंतु रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते.

खोलीतल्या सोबत्याचा प्रश्न असेल, तर तो झोपेच्या उपचाराने सुटणार नाही. दिवा आणि फोनवरचे बोलणे किती वाजेपर्यंत, याविषयी दोघांनी शांत वेळी बसून ठरवावे. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातील बोळे वापरून पाहावेत. तरीही जमत नसेल, तर समुपदेशकाचे किंवा डॉक्टरांचे पत्र जोडून खोली बदलण्याचा लेखी अर्ज करावा. तोंडी विनंतीपेक्षा असा अर्ज लवकर हलतो.

आणि चार-सहा आठवडे नीट उपचार घेऊनही आकडे जागचे हलले नाहीत, तर निदान पुन्हा तपासायला सांगा. मागे राहून गेलेला श्वासाचा किंवा पायांचा विकार बऱ्याचदा याच टप्प्यावर सापडतो.

अभ्यासातील सवलती

निदान झालेला झोपेचा विकार हा अनेक विद्यापीठांत सवलतीचा आधार ठरतो, पण त्यासाठी अर्ज विद्यार्थ्याने स्वतः करावा लागतो. सकाळच्या तुकडीऐवजी दुपारची तुकडी, परीक्षेची उशिराची वेळ, नार्कोलेप्सी असेल तर परीक्षेत छोटी विश्रांती, अशा मागण्या नेमक्या शब्दांत लिहाव्यात आणि सोबत वैद्यकीय पत्र जोडावे. हजेरी कमी पडल्यानंतर आणलेले पत्र स्वीकारताना विभागाला अडचण येते, म्हणून निदान होताच अर्ज द्या. शिक्षक म्हणून सांगतो, सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या विद्यार्थ्यासाठी आम्हाला जे करता येते, ते शेवटच्या आठवड्यात करता येत नाही.

ज्यासाठी भेटीची वाट पाहू नये

जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर नोंदवही आणि प्रतीक्षायादी दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी तातडीच्या सेवेला, आरोग्य केंद्राला किंवा जवळच्या विश्वासू माणसाला सांगा. अनेक रात्री जेमतेम दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, उलट अंगात विलक्षण उत्साह आहे, विचार धावत आहेत, असे स्वतःत किंवा मित्रात दिसले, तरी लगेच डॉक्टरांकडे जावे. हा निद्रानाश नाही आणि त्यावर वर सांगितलेले उपाय करू नयेत. वाहन चालवताना एकदा जरी डुलकी लागली असेल, तर तपासणी होईपर्यंत चालवणे बंद करा.

पुढच्या सत्रात परत आली तर

झोप सुधारल्यावर नोंदवही फेकू नका. उपचारात कोणत्या गोष्टीने फरक पडला, हे तिच्या शेवटच्या पानावर चार ओळींत लिहून ठेवा. सुट्टीत उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका, आणि गेली असेल, तर तास सुरू होण्याच्या दहा दिवस आधीपासून ती मागे आणायला लागा. सत्रातील तिसऱ्या आठवड्यात, तक्रार नसली तरी, पाच-सहा दिवसांची नोंद करा. कार्यक्षमता पुन्हा ८० टक्क्यांच्या आसपास घसरलेली दिसली, तर त्याच आठवड्यात अंथरुणावरचा वेळ आवळा आणि उठण्याची वेळ पक्की करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर जुनी आणि नवी नोंद घेऊन त्याच समुपदेशकाकडे परत जा आणि सांगा की पूर्ण उपचार झालेला आहे, आता उजळणीची एक भेट हवी आहे. अशी एखादी भेट देणे नव्या रुग्णाला आठ भेटी देण्यापेक्षा केंद्रालाही सोपे जाते, म्हणून ती सहसा लवकर मिळते.